आधी रिकामं मोज

सुमित्राअक्का मला आठवते ती नेहमी दुपारची, आणि घोट्यापर्यंत धुक्यात बुडालेली. बीदरच्या माळावर उन्हाळ्यात धुकं नसतं. हे आमच्या प्रयोगशाळेतलं होतं. द्रव नायट्रोजनच्या हंड्याचं झाकण उचललं की ते काठावरून ओघळायचं, फरशीवर पसरायचं, अक्काच्या पायांभोवती घोटाळायचं आणि दाराच्या फटीपाशी जाऊन नाहीसं व्हायचं. अक्काच्या हातात लाकडाची लांब पट्टी असायची. ती हंड्यात बुडवायची, जरा थांबायचं, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायची. जिथवर नायट्रोजन असेल तिथवर पट्टी पांढरी होते. ती पांढरी रेघ थोड्या वेळात उडून जाते, आणि तेवढ्यात वाचावी लागते.

"बघितलीस?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

"अंदाज आला," मी म्हटलं.

"अंदाज कामून? रेघ व्हती की. पुन्ना बुडीव."

मी पाच वेळा पट्टी बुडवली. पाचव्या वेळी वाचता आली. तोवर माझ्या संशोधनाच्या पहिल्या दिवसाचा अर्धा तास गेला होता आणि अक्का स्टुलावर बसून शांतपणे शेंगा सोलत होती.

महाविद्यालयाच्या मागच्या बाजूला, जिथं इमारती संपून लाल मुरूम सुरू होतो, तिथं ही प्रयोगशाळा होती. पत्र्याचं छप्पर, आत तीन माणसं. मुळे सर प्रमुख, मी संशोधक विद्यार्थिनी, आणि अक्का प्रकल्पापुरत्या कंत्राटावर असलेली तंत्रसाहाय्यक. तिचं शिक्षण दहावीपर्यंत. ओळखपत्रावर नावाच्या जागी नुसतं 'प्रकल्प कर्मचारी' लिहिलेलं. मी ते पहिल्याच आठवड्यात पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

माझं डोकं लवकर फिरतं. वडील भालकीत छापखाना चालवायचे. लग्नपत्रिकांवर आमचं पोट होतं आणि चळवळीच्या पत्रकांवर वडिलांचा जीव. वसतिगृहातल्या जेवणाचं पत्रक, जमिनीच्या पट्ट्यांचं पत्रक, विहिरीवरच्या पाण्याचं पत्रक. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. अक्काला हे कळलं तेव्हापासून ती मला 'प्रेसवाल्याची' म्हणू लागली. मी तिला 'तुम्ही' म्हणायचे, ते तिनं दोन दिवसांत मोडून काढलं. म्हणाली, "तुम्ही म्हणू नको. हापिसात उभं केल्यासारकं वाटतंय."

आमचं काम सांगायला सोपं आहे. एक चपटी, करंगळीच्या अर्ध्या रुंदीची तांबूस पट्टी असते. तिच्या पोटात एका खास पदार्थाचा केसाहून पातळ थर असतो. ती द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की तिच्यातून वीज कुठल्याही अडथळ्याशिवाय वाहते. अशा पट्टीला अतिवाहक म्हणतात. वीज एकाच दिशेनं वाहत राहिली तर काही म्हणजे काही वाया जात नाही. पण आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा जाऊन परत येते. त्या येण्याजाण्यात अतिवाहकातही थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. उद्या या पट्ट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरायच्या तर ही गळती किती, हे माहीत हवं. ती मोजणं हे आमचं काम.

सरांनी मला ते समजावायला फळा भरला होता. फळा पुसत अक्का म्हणाली, "माणूस एका वाटंनं निघाला तर दिसभर चालतंय, दमत न्हाई. त्येच माणसाला तहसीलला हेलपाटे घालायला लाव. आज ये, उद्या ये. दोन दिसात गळून जातंय. ह्ये तारंचं तसंच हाय."

मी पुढं प्रबंधात पहिलं प्रकरण लिहिलं तेव्हा याहून चांगलं वाक्य मला सापडलं नाही, आणि हे वाक्य लिहिता आलं नाही.

आमच्या पट्टीला 'उच्च तापमानाचा अतिवाहक' म्हणतात. तापमान असतं शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. हे ऐकून अक्का इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

"ह्येला उच्च म्हणत्यात?"

"आधीचे अतिवाहक याहून खूप खाली चालायचे अक्का. त्यांच्या मानानं उच्च."

"म्हंजे खाली कोन तरी हाय म्हणून ह्यो उच्च," ती म्हणाली. "झालं की मंग आपल्या गावासारकं."

ती औराद तालुक्यातली. तेलंगणाच्या शिवेला लागून गाव, त्यामुळं तिच्या तोंडात चार भाषा होत्या आणि प्रत्येकीचं काम वेगळं होतं. आमच्याशी मराठी, महाविद्यालयाच्या कार्यालयात कन्नड, यंत्राला शिव्या दखनीत. आणि मोजणी तेलुगूत. लहानपणी आईबरोबर पलीकडच्या शिवारात मिरच्या तोडायला जायची, तिथं पाट्या तेलुगूत मोजायचे, ते तसंच राहिलं. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. तिच्या आवाजात एक संथ, गुंगी आणणारी लय होती. त्या आकड्यांनी मला कित्येक दुपारी झोप आणली आहे.

ती मोजायची रहाट. नाव तिनंच ठेवलेलं. गळती मोजायची आमची रीत अशी होती: पट्टीची गुंडाळी नायट्रोजनच्या हंड्यात बुडवायची आणि तिच्यातून वीज सोडायची. गळतीची उष्णता नायट्रोजनला लागते, तो उकळतो, त्याची वाफ होते. ती वाफ तांब्याच्या लांब नळीतून फिरवून कोमट करायची आणि अर्धं पाण्यात बुडलेलं एक चाक फिरवायला लावायची. चाकाचे फेरे म्हणजे वाफ, वाफ म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे गळती. हे चाक म्हणजेच रहाट. ते काचेमागं इतकं हळू फिरायचं की बघणारा आणि चाक यांतलं कोण थांबलंय ते कळू नये.

पण नायट्रोजन वीज नसतानाही उकळतोच. हंड्याच्या तोंडातून, तारांमधून बाहेरची ऊब आत झिरपत असते. म्हणून आधी वीज न सोडता फेरे मोजायचे, मग वीज सोडून मोजायचे, आणि दुसऱ्यातून पहिले वजा करायचे. पहिल्या मोजणीला पुस्तकात मोठं नाव आहे. अक्का तिला 'रिकामं' म्हणायची.

मला रिकामं मोजायचा भयंकर कंटाळा यायचा. काहीच घडत नसताना तासभर चाकाकडं बघत बसायचं. एकदा मी विचारलं, कालचं रिकामं आज वापरलं तर काय बिघडेल?

"कालची तू आन आजची तू एकच हाय का?" अक्का म्हणाली. "काल सर वरडले तवा तोंड सुजवून बसली व्हतीस. आज गाणं म्हणायलीस. आधी रिकामं मोज, माय. त्याबिगर भरल्यालं कळत न्हाई."

नायट्रोजनशी तिची ओळख सरांहून जुनी होती. बारा वर्षं ती जनावरांच्या दवाखान्याच्या केंद्रात रोजंदारीवर होती. वळूंचं वीर्य बारीक नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये साठवतात आणि गावोगावचे डॉक्टर ते छोट्या कॅनमधून घेऊन जातात. ते कॅन भरायचं काम तिचं. गावातले टवाळ तिला विचारायचे, आज किती वळू कमरेला मारून आणलेस? ती म्हणायची, "तुमच्यापरास कामाचे हायत. मेले तरी वंश चालायलाय त्यांचा."

मुळे सर प्रकल्पाच्या सुरुवातीला त्या केंद्रात नायट्रोजन मागायला गेले. सोबत नवाकोरा हंडा होता. अक्कानं हंड्याच्या बाहेरच्या बाजूला आधी हाताची पालथी बाजू लावली, मग गाल. लहान लेकराचा ताप बघावा तसा. म्हणाली, "सर, तुमच्या हंड्याला घाम यायलाय. ह्येच्या दोन भिंतीमदली हवा काढल्याली टिकली न्हाई. हितं भरला तर घरी जायपर्यंत निम्मा."

सरांनी कंपनीची पावती दाखवली. अक्कानं हंडा भरून दिला. संध्याकाळी तो निम्मा होता. दुसऱ्या दिवशी सर परत गेले ते तिला कामाला बोलवायला. ही गोष्ट सर स्वतः सांगायचे, आणि सांगताना स्वतःवर हसायचे. हे त्यांचं मोठेपण होतं. मी ते तेव्हाही नाकारलं नाही.

एका गोष्टीचा मात्र अक्काला राग होता. महाविद्यालयात पाहुणे आले की त्यांना आमच्याकडं आणत आणि कोणीतरी गुलाबाचं फूल नायट्रोजनमध्ये बुडवून टेबलावर आपटत असे. फुलाचा काचेसारखा चुरा व्हायचा, टाळ्या पडायच्या. चुरा अक्का झाडायची. एका पाहुण्यानं हौसेनं फूल तिच्या हातात दिलं, "बाई, तुम्ही करा की." तिनं फूल घेतलं आणि सरळ केसात माळलं. म्हणाली, "मोडायचं काय बघायचं, सायेब? बसा की तासभर. रहाट दाखविते." पाहुण्यांना तासभर नव्हता.

आता मुख्य गोष्ट.

पट्टी गुंडाळायची एक नवी पद्धत सरांनी काढली होती. तिच्यामुळं गळती कमी व्हावी असा त्यांचा तर्क होता. आम्ही पूर्ण हिवाळा मोजमापं घेतली. गळती खरोखर कमी आली. थोडीथोडकी नाही, आधी सगळ्यांना मिळत होती त्याच्या निम्म्यावर. सरांनी आकडेमोड तीनदा करून बघितली. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या खात्याकडं अहवाल उन्हाळ्याच्या अखेरीला जायचा होता. असा निकाल गेला तर प्रकल्पाला मुदतवाढ पक्की होती, आणि मुदतवाढीच्या अर्जात सरांनी तंत्रसाहाय्यकाची जागा कायम करा असं लिहिलेलं होतं. अक्काची जागा. तिनं तो परिच्छेद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"कायम म्हंजे कार्डावर नाव येतंय का?" तिनं विचारलं.

"येतं."

"मंग बरं." थोडा वेळ ती रहाटाकडं बघत राहिली. "पोरगी इचारती, आई तू तितं कोन हायस? काय सांगावं?"

तिची मुलगी बारावीला होती. शास्त्र शाखेला.

आमच्या दिवसाची घडी ठरलेली होती. सकाळी हवाई दलाची शिकाऊ विमानं डोक्यावरून जायची आणि पत्रे हादरायचे, म्हणून सकाळी मोजणी नाही. जेवणानंतर रिकामं मोजायचं. चार वाजता शेजारच्या कार्यशाळेतली यंत्रं बंद व्हायची आणि वीज स्थिर व्हायची, म्हणून चारनंतर वीज सोडून मोजायचं. चारच्या आधी रिकामं, चारच्या नंतर भरलेलं. रोज. मला ती घडी आवडायची. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत रहाटाच्या काचेवर यायचं आणि पाण्यात एक सोनेरी तुकडा संथ फिरत राहायचा. सगळं जग त्या चाकाच्या वेगानं चाललंय असं वाटायचं.

अक्का अधूनमधून म्हणायची, "चारनंतर रहाट पेंगतंय बघा." आम्ही हसायचो. सर म्हणायचे, "सुमित्राबाई, पेंग तुम्हाला येते." ती पण हसायची.

अहवालाचा कच्चा मसुदा तयार झाला त्या आठवड्यात सर आणि मी हैदराबादला एका परिषदेला गेलो. परत आलो, आणि त्यानंतरचे आठ दिवस अक्का गप्प होती. तेलुगू मोजणी बंद. शेंगा बंद. मला वाटलं, घरात काही झालं असेल.

नवव्या दिवशी तिनं पिशवीतून वही काढून सरांच्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही न्हवता तवा तीन दिस रिकामंच मोजलं," ती म्हणाली. "दुपारच्या जेवनापासून दिवेलागणीपर्यंत. वीज सोडलीच न्हाई. बघा."

वहीत तिच्या गोल, शाळकरी अक्षरात प्रत्येक दहा फेऱ्यांपुढं घड्याळाची वेळ होती. तीन दिवस, पानंच्या पानं. चार वाजेपर्यंत दहा फेरे भराभर पडत होते. चारनंतर त्यांतलं अंतर वाढत गेलं होतं. तिन्ही दिवशी. वीज नसताना.

सरांनी पानं उलटली. मग परत पहिल्या पानावर आले. मग उठून खिडकीपाशी गेले आणि माळाकडं बघत उभे राहिले. खूप वेळानं म्हणाले, "हवेचा दाब."

मला तेव्हा कळलं नाही. सरांनी शेजारच्या विभागातून दाबमापक आणवला, आणि पुढचे दोन दिवस आम्ही तिघं काटा बघत बसलो. आपल्या पठारावर हवेचा दाब रोज दुपारभर उतरतो आणि चारच्या सुमाराला पुन्हा चढायला लागतो. कोणाला जाणवत नाही. पण तोंड उघडं असलेल्या हंड्यातल्या नायट्रोजनला जाणवतं. दाब उतरला की तो थोडा जास्त उकळतो, चढला की थोडा कमी. आम्ही रोज रिकामं मोजत होतो तो उकळण्याच्या वेळी, आणि भरलेलं मोजत होतो ते पेंगण्याच्या वेळी. जास्तीचं वजा करत होतो, कमीतून. आमची निम्मी गळती आकाशानं खाल्ली होती.

खरं माप घेणं मग सोपं होतं. कार्यशाळेच्या लोकांना विनवून आठ दिवस यंत्रं बंद ठेवली आणि रिकामं नि भरलेलं आलटूनपालटून मोजून एकमेकांशी ताडलं. गळती इतर सगळ्यांच्या इतकीच निघाली. नव्या गुंडाळीचा काही फायदा नव्हता.

त्या संध्याकाळी सर लवकर घरी गेले. मी आणि अक्का बाहेर पायरीवर बसलो. मुरमावरून येणारी ऊब अजून होती. मी तिला जे म्हटलं ते इथं लिहायला मला लाज वाटते, पण वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

मी म्हटलं, "अक्का, वही परत पिशवीत ठेव. अहवाल आहे तसा जाऊ दे. मुदतवाढ येऊ दे, तुझी जागा कायम होऊ दे. मग पुढच्या वर्षी चूक सापडली म्हणून कळवू. आयुष्यभर तुला सगळ्यांनी फसवलं. एकदा आपण फसवलं तर काय झालं?"

तिनं पायरीवरचा एक खडा उचलून मुरमात टाकला.

"आठ दिस ठेवलीच व्हती की पिशवीत," ती मग म्हणाली. "तू काय येगळं सांगायलीस? मला बी पाहिजे नोकरी. कोन म्हणलं नको? रोज घरी न्यायची वही, रोज परत आणायची. पोरगीच्या दप्तराशेजारी ठिवायची."

"मग कशाला दाखवलीस?"

"रातच्याला पोरगीनं उघडून बघितली. म्हणली, आई, अक्षर लई चांगलं हाय तुझं, कशाचं हाय हे? मी म्हणलं, रहाट पेंगल्याचं. तिला सांगितलं सगळं. तिला पटकन कळलं बघ. म्हणली, मंग तुमचा आकडा चुकला की." अक्का हसली. "तिला कळल्यावर मंग कुटं ठिवायची वही?"

पत्रकांमध्ये मी सत्य हा शब्द किती वेळा जुळवला आहे याचा हिशोब नाही. तो इतक्या साध्या अडचणीच्या रूपात मला कधी भेटला नव्हता: वही ठेवायला घरात जागा उरली नाही.

नव्या अहवालाचा मसुदा सरांनी चार दिवसांत लिहिला. एक शब्दही लपवला नाही. चूक कुठं झाली आणि कशी सापडली ते सगळं होतं. तीन दिवसांच्या रिकाम्या मापाचा तक्ता पूर्ण छापला होता. वरती नावं दोन होती. सरांचं आणि माझं.

माझं डोकं फिरलं, आणि या वेळी ते योग्य कारणानं फिरलं होतं. वडिलांना फोन केला, कागदाचं माप विचारलं, आणि एका दुपारी पत्रक लिहून काढलं. चांगलं पत्रक होतं. काम कोणाचं आणि नाव कोणाचं, हे त्याचं पहिलं वाक्य. शेकडो वर्षांचा इतिहास एका पानात बसवला होता. विटंबना, पिळवणूक, कटकारस्थान, सगळे शब्द जागच्या जागी.

अक्कानं ते रहाटासमोर बसून वाचलं. बोट ठेवून, ओळीओळीनं. नायट्रोजनची वाफ तिच्या पायाशी फिरत होती.

"लई भारी लिहितीस," ती म्हणाली. "कट कोनी केला?"

"सरांनी. तुझं नाव गाळलं."

"तू त्यांना इचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

"मंग रिकामं मोजलंच न्हाईस की." तिनं कागदाची घडी केली. "ह्येच्यात तुझा राग किती आन माझं काम किती, ते येगळं काढ. मला माझ्या कामाएवढं पाहिजे. कमी नको आन जास्ती बी नको. थांब हितं."

मी थांबले नाही, मागोमाग गेले. सरांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. अक्का टेबलासमोर उभी होती. बस म्हटल्यावरही बसली नाही.

"सर, चूक माझ्या वहीत घावली," ती म्हणाली. आवाज तिच्या मोजणीसारखा, एकसारखा. "वहीवर नाव माझं हाय. कागदावर न्हाई. पाहिजे."

सरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता.

"सुमित्राबाई, आभारात तुमचं नाव घालणारच होतो."

"आभार नको. मी चहा न्हाई केला. मोजलंय."

आतल्या खोलीत रहाटाचं पाणी हलल्याचा आवाज येत होता. शेवटी सर म्हणाले, "खरं सांगू? माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आता आलं का?"

"आलं."

त्यांनी तिच्यासमोर मसुद्यावर पेननं तिसरं नाव लिहिलं. आडनावासकट. मग तिला विचारलं, अक्षरं बरोबर आहेत ना. तिनं वाकून बघितलं आणि मान हलवली.

सर कपटी नव्हते, हे अक्काचं माप बरोबर निघालं. पण मला माझंही म्हणणं इथं मांडलं पाहिजे. बारा वर्षं नायट्रोजन ओळखणाऱ्या, चार वर्षं आमचं प्रत्येक माप घेणाऱ्या बाईचं नाव एका सज्जन, स्वतःवर हसू शकणाऱ्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. कट असता तर सोपं झालं असतं. आमची पत्रकं ज्याच्याविरुद्ध आहेत ते हेच आहे. अक्का तिथं स्वतः जाऊन उभी राहिली म्हणून ते नाव आलं. जिथं कोणी उभं राहत नाही तिथं ते अजून येत नाही. माझं ते पत्रक मी छापलं नाही. त्यातला माझा राग वजा करून जे उरलं, ते हे आहे.

अहवाल गेला. पावसाळ्यात उत्तर आलं: काम प्रामाणिक आहे, पण पद्धतीचा फायदा दिसत नाही, मुदतवाढ देता येत नाही. सरांनी तिच्यासाठी कार्यालयात बरेच हेलपाटे घातले, आणि तिनं म्हटल्याप्रमाणं गळून गेले. शेवटच्या दिवशी अक्कानं रहाटातलं पाणी काढलं, काच पुसली, चाकावर फडकं टाकलं. ओळखपत्र टेबलावर ठेवलं. अहवालाची प्रत मात्र मागून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत वहीच्या जागी ठेवली.

मी मग प्रबंधासाठी दुसऱ्या शहरात गेले. मधे दोन वर्षं गेली. यंदा उन्हाळ्यात भालकीला येताना कळलं की ती परत त्याच जनावरांच्या केंद्रात लागली आहे, रोजंदारीवरच. मी गेले. ती होती तशीच होती. केसांत थोडं पांढरं आलं होतं, जणू तेवढी रेघ उडून जायची राहिली होती. मुलगी बीएस्सीला आहे म्हणाली. अहवाल घरात कपाटाच्या काचेमागं आहे, नावाचं पान वर करून. पाहुण्यांना इंग्रजी येत नाही, पण नाव वाचता येतं.

"आन तू? अजून डोकं फिरतंय का?"

"फिरतं."

"फिरू दे. मोजीत जा फकस्त."

डॉक्टर कॅन घेऊन रांगेत उभे होते, म्हणून ती उठली. माझीही बस आली. केंद्र रस्त्याला लागूनच आहे. मी खिडकीशी बसले तेव्हा कडुनिंबाखाली ती दिसत होती. तिनं मोठ्या हंड्याचं झाकण उचललं. धुकं काठावरून ओघळलं, तिच्या पायांवरून, उन्हातल्या लाल मातीवरून बसच्या दिशेनं थोडं आलं आणि विरलं. चारला थोडा वेळ असावा.

बस हलली. अक्कानं हात वर करून हलवला, दोनदा. मीही खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मग दिसलं की तिच्या हातात लाकडाची पट्टी आहे. ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिनं पट्टी डोळ्यांजवळ नेली, तिचे ओठ हलले, आणि रेघ उडून जायच्या आत तिनं आकडा वहीत लिहिला.